आरोग्य विमा सर्वांना लागू झाल्यानंतर एका तालुक्याची आरोग्ययंत्रणा : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातील एका तालुक्याचे आहे. ओळख पटू नये म्हणून तालुक्याचे नाव आणि व्यक्तींचे तपशील वगळले आहेत व काही ठिकाणी किरकोळ बदल केले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. त्या काळात मी तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयात समन्वयाचे काम पाहत होतो. पुढे ज्या चुकांची नोंद केली आहे, त्यांतल्या काहींच्या कागदावर माझीही सही आहे.

तालुक्यात सरकारी आरोग्यसेवेच्या दोन यंत्रणा शेजारी-शेजारी चालतात. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे व त्यांच्या हाताखालील तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहेत. तालुक्याच्या ठिकाणचे ५० खाटांचे उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे असून ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येते. रुग्णाला हा भेद माहीत नसतो आणि माहीत असण्याचे कारणही नाही. पण पत्रव्यवहार, निधी आणि आढावा बैठका या दोन वाटांनी जातात, आणि या प्रकरणातील बहुतेक अडचणी त्या दोन वाटांच्या मधल्या जागेत उभ्या राहिल्या.

ज्या सरकारी आरोग्य विमा योजनेभोवती हे प्रकरण फिरते, तिचा इतिहास थोडक्यात असा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ८ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबरोबर एकत्रित राबवली जाऊ लागली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण ५ लाखांवर गेले, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि शिधापत्रिकेचा रंग कोणताही असो, राज्यातील सर्व कुटुंबे पात्र ठरली. त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून झाली. आमच्या जिल्ह्यात पिवळी व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबे आधीपासूनच पात्र होती. शिवाय शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही सातबाऱ्याच्या आधारे लाभ मिळत होता. त्यामुळे विस्ताराने आमच्याकडे नव्याने आलेले लोक मुख्यतः नोकरदार व व्यापारी होते; बाकीच्यांसाठी वाढली ती रक्कम, आणि अपेक्षा.

दुसरा एक निर्णय आधीच झाला होता आणि त्याचा या विषयाशी संबंध आहे, हे आम्हाला उशिरा उमगले. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क झाले. निर्णय योग्यच होता. केसपेपरच्या खिडकीशी सुटे पैसे मोजत उभी राहिलेली म्हातारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्याचे मोल सांगायला नको. मात्र त्यानंतर रुग्णालयाच्या हाताशी स्थानिक खर्चासाठी असणारा पैसा आटला, आणि योजनेतून मिळणारी क्लेमची (केलेल्या उपचाराच्या खर्चाच्या मागणीची) रक्कम हाच नवा स्रोत उरला.

अडचण

अडचण दोन टोकांना होती, आणि सुरुवातीला आम्हाला एकच टोक दिसत होते.

दिसणारे टोक रुग्णालयाचे. रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेखाली उपचारांसाठी मान्य, होते, योजनेचे कागद पाहणारे आरोग्यमित्र बसत होते, अस्थिरोगतज्ज्ञ होते आणि शस्त्रक्रिया चालू असताना हाड दाखवणारे सी-आर्म हे एक्स-रे यंत्रही होते. तरीही मांडीचे हाड मोडलेला रुग्ण आला की त्याला १०८ मध्ये घालून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले जाई. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असे : प्लेट आणि स्क्रू शिल्लक नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी तोच रुग्ण अंगीकृत खासगी रुग्णालयात दाखल होई, त्याच योजनेतून शस्त्रक्रिया होई आणि पैसे त्या रुग्णालयाला मिळत. आमच्याकडे प्लेट नव्हती कारण पैसे नव्हते, पैसे नव्हते कारण क्लेम नव्हते, आणि क्लेम नव्हते कारण दाखल होणाऱ्या रुग्णाकडे शिधापत्रिका मागायची सवयच कोणाला नव्हती. उपचार तसेही मोफत होते. मग कार्ड कशाला, असे रुग्णाला वाटे आणि परिचारिकेलाही वाटे. ज्या थोड्या शस्त्रक्रिया इथे होत, त्यांचेही क्लेम होत नसत.

न दिसणारे टोक गावातले होते. जुलै २०२४ पासून आयुष्मान कार्डांचे, म्हणजे योजनेच्या लाभार्थ्यांच्या ओळखपत्रांचे, उद्दिष्ट गावनिहाय वाटून आले आणि आशा व आरोग्यसेविका यांनी घरोघर जाऊन ई-केवायसी (मोबाईलवरून ओळख पडताळणी) करावी, असे ठरले. त्याच महिन्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले होते; सेतू केंद्रांसमोर रांगा होत्या, अंगणवाडी सेविका त्या कामात अडकल्या होत्या. म्हणजे ज्या यंत्रणेने कार्डे काढायची ती आधीच भरलेली होती, आणि उरलेल्या हातांमध्ये आमच्या सेविका होत्या.

ऑगस्टमधल्या एका लसीकरण सत्राला मी हजर होतो. मंदिराच्या ओट्यावर व्हॅक्सिन कॅरियर ठेवलेला, समोर पोरे घेऊन बसलेल्या बाया, आणि सेविका मात्र ओट्याच्या कडेला, जिथे नेटवर्कच्या दोन काड्या येत होत्या तिथे उभी राहून एका आजोबांच्या मोबाईलवरच्या ओटीपीची वाट पाहत होती. मोबाईल मुलाच्या नावावर होता आणि मुलगा पुण्याला. गोवर-रुबेलाची कुपी एकदा मिसळली की ४ तासांत संपवावी लागते, म्हणून ती कुपी उघडायलाही धजत नव्हती. खुरपणीचे दिवस होते. तासाभराने तीन बाया उठून शेतावर निघून गेल्या. संध्याकाळच्या अहवालात त्या गावाची कार्डांची संख्या समाधानकारक होती.

समोर असलेले पर्याय

रुग्णालयापुरते तीन पर्याय चर्चेत आले. पहिला, वरिष्ठांकडे निधी मागून वाट पाहण्याचा. तो वर्षानुवर्षे चालत आलेला होता आणि त्याचे फळ आम्ही पाहत होतो. दुसरा, जिल्हा वार्षिक योजनेतून एकदाच अस्थिशल्यसाहित्य घेण्याचा. त्यात अडचण अशी की साठा संपल्यावर पुन्हा तेच. तिसरा पर्याय वैद्यकीय अधीक्षकांनी मांडला : पुरवठादारांकडून दरपत्रके मागवून असे ठरवावे की साहित्याचा संच रुग्णालयात राहील आणि वापरले तेवढ्याचेच बिल लागेल, बिल क्लेममधून फेडावे. धोका उघड होता. क्लेम नामंजूर झाला तर बिल कुठून द्यायचे, हा प्रश्न लिपिकाने बैठकीत विचारला आणि तो अगदी बरोबर होता. त्यावर रुग्ण कल्याण समितीतील उरलेली रक्कम राखीव ठेवायची आणि एका वेळी थकबाकी तेवढ्याच मर्यादेत राहू द्यायची, असा मधला मार्ग निघाला.

कार्डांबाबतचे पर्याय अधिक अवघड होते, कारण तिथे उद्दिष्ट आमच्या हातात नव्हते. सेविकांनीच हे काम करत राहावे, हा एक. सारे सेतू केंद्रांवर सोडावे, हा दुसरा. पण तिथली गर्दी पाहता तो कागदावरच राहिला असता. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवसालाच कार्डांचे शिबिर जोडावे, असाही एक प्रस्ताव होता. आयती गर्दी जमते म्हणून तो आकर्षक वाटत होता. मंदिराच्या ओट्यावरचा प्रसंग पाहिला नसता तर मीही त्याला पाठिंबा दिला असता.

आमच्या तालुक्याला आणखी एक घड्याळ लागू होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या निघतात आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत अर्धी घरे बंद असतात. कोयत्याने हात कापला, बैलगाडीवरून पडले, बाळंतपण अडले, हे सारे पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर घडते. टोळ्या गाव सोडण्याआधी त्या कुटुंबांची कार्डे निघाली पाहिजेत, याबद्दल दुमत नव्हते. प्रश्न इतकाच होता की हे काम कोणाच्या हातून घ्यायचे.

आम्ही पहिला पर्याय निवडला. सेविकांकडेच काम ठेवले, फक्त ऊसतोडीची गावे आधी घेतली. त्या वेळी तो व्यवहार्य वाटला. निवडणुकीच्या आचारसंहितेपूर्वी संख्या पूर्ण करायची घाई होती आणि साप्ताहिक आढाव्यात विचारला जाणारा पहिला प्रश्न कार्डांचा असे. लसीकरणाचा आणि असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीचा प्रश्न शेवटी येई, कधी येतही नसे.

प्रत्यक्ष कार्यवाही

रुग्णालयातले बदल छोटे होते आणि बहुतेक कागदांच्या क्रमाचे होते. आरोग्यमित्र संध्याकाळी घरी जात आणि अपघाताचे रुग्ण रात्री येत. सकाळी नातेवाईक बदललेला असे, नव्या माणसाला शिधापत्रिकेचा पत्ता नसे. म्हणून असे ठरले की रात्रपाळीच्या परिचारिकेने दाखल करतानाच घरच्यांना शिधापत्रिकेचा व आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवायला सांगावे आणि इनडोअर पेपरच्या वरच्या कोपऱ्यात क्रमांक लिहावा. उपचार कार्डासाठी थांबणार नाही, हे वॉर्डाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावले. तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहेच, तिचा वापर आमच्याकडे होत नव्हता इतकेच.

नावांचा घोळ अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी झालेले नसते आणि सासरच्या पत्रिकेत चढलेले नसते. आधारवर माहेरचे आडनाव असते. गर्भपिशवीच्या गाठीसाठी किंवा हर्नियासाठी आलेली अशी बाई कोणत्याच पत्रिकेत धड बसत नाही. अधीक्षकांनी तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेशी बोलून दर आठवड्याला अशा रुग्णांची यादी पाठवण्याची पद्धत घातली. हे काम कोणाच्याही जबाबदाऱ्यांच्या यादीत नव्हते. ते एका कनिष्ठ लिपिकाने स्वतःहून अंगावर घेतले.

मग क्लेम पाठवले जाऊ लागले आणि क्वेऱ्या परत येऊ लागल्या. शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे जोडलेला नाही. शस्त्रक्रियेच्या नोंदीवर वेळ नाही. बसवलेल्या प्लेटचे स्टिकर केसपेपरवर नाही. आमच्या शल्यचिकित्सकांना हा अपमान वाटला. पाय नीट बसला आहे, रुग्ण चालत घरी गेला आहे, मग स्टिकर कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यांची चीड मला समजत होती, पण त्या क्वेऱ्यांनी आमच्या नोंदी सुधारल्या हेही खरे आहे. भूल देताना घेतलेला रक्तदाब लिहिला जाऊ लागला तो क्लेमसाठी; उपयोग पुढच्या पाळीतल्या डॉक्टरांना झाला.

दोन निर्णय चुकले. पहिला डिस्चार्जचा. क्लेम सुटू नयेत म्हणून आरोग्यमित्रांच्या सहीशिवाय डिस्चार्ज द्यायचा नाही, असा तोंडी नियम झाला. एके दिवशी टाके काढून दुपारी मोकळी झालेली एक बाई सही होईपर्यंत बाकावर बसून राहिली, तिच्या गावाची शेवटची एसटी निघून गेली आणि ती लेकरासह रात्रभर वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात झोपली. खाट दुसऱ्या रुग्णाला दिली गेली होती. योजनेत रुग्णाच्या जेवणाची आणि परतीच्या भाड्याची तरतूद आहे, आणि तिला त्या रात्री यातले काहीही मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी नियम उलटा केला : आरोग्यमित्रांनी सकाळच्या राउंडमध्येच डिस्चार्ज होणाऱ्यांची यादी घ्यायची, आणि कागद अपुरा असला तरी रुग्णाला थांबवायचे नाही.

दुसरी चूक शस्त्रक्रियागृहाच्या वेळापत्रकाची. कुटुंबनियोजन शस्त्रक्रियांचा वार ठरलेला होता. अस्थिरोगाच्या केसेस वाढल्यावर आणि बाहेरून येणारे भूलतज्ज्ञ त्याच वारी मोकळे असल्यामुळे तो वार हळूहळू हाडांच्या शस्त्रक्रियांकडे गेला. तसा आदेश कोणीच काढला नव्हता. गावातून आशाबरोबर आलेल्या, तान्ह्या बाळाला सांभाळायला बहिणीला घेऊन आलेल्या बायका दोनदा परत गेल्यावर एका आशाताईंनी मासिक बैठकीत उभे राहून विचारले, “आमच्या बाया आता कोणत्या वारी आणायच्या, तेवढं एकदा लिहून द्या.” वार लिहून दिला गेला आणि भूलतज्ज्ञांशी दुसऱ्या दिवसाचे बोलणे झाले. मात्र त्या दोन फेऱ्यांत परत गेलेल्यांपैकी सगळ्या पुन्हा आल्या नाहीत.

दिशा बदलणारी केस

डिसेंबरमध्ये एका गावातील पन्नाशीच्या गृहस्थांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मधुमेहाची जखम चिघळली होती. शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या ठिकाणी योजनेतून झाली, घरच्यांचा एक रुपयाही खर्च झाला नाही आणि योजना ज्यासाठी आहे ते काम तिने चोख केले. ते परत आल्यावर ड्रेसिंगच्या पाठपुराव्यासाठी मी उपकेंद्राची नोंदवही मागवली. त्यांचे नाव होते. आदल्या वर्षी तपासणीत साखर वाढलेली आढळली होती, गोळ्या सुरू होत्या. जून महिन्यापर्यंत दर महिन्याला टिकमार्क होती. जुलै ते नोव्हेंबर हे पाच रकाने कोरे होते. सेविकेला विचारले तेव्हा तिने वाद घातला नाही. कार्डांची वही पुढे केली. त्या पाच महिन्यांत तिने काढलेल्या कार्डांत त्यांच्या कुटुंबाचेही कार्ड होते.

ती घरी गेली असती तर पाय वाचला असता, असे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होणार नाही. जखम किती जुनी होती, गोळ्या ते घेत होते की नाही, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. पण आमची यंत्रणा काय करत होती, ते त्या दोन वह्यांत शेजारी-शेजारी दिसत होते. पाय कापण्याला योजनेत पॅकेज, म्हणजे ठरलेली रक्कम, आहे. पाय रोज बघायला सांगणाऱ्या, अनवाणी फिरू नका म्हणणाऱ्या भेटीला पॅकेज नाही, आणि विम्याच्या रचनेत ते कधी असणारही नाही. ती भेट आरोग्य खात्याच्या पगारातून आणि आशाच्या मोबदल्यातूनच होते. ती खात्याने सोडली, तर उचलणारे दुसरे कोणी नाही.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी ही दोन पाने जिल्हा परिषदेतल्या आढाव्याला नेली. त्यानंतर सेविकांचे कार्डांचे काम काढून ते दोन ठिकाणी हलवण्यात आले : रुग्णालयातील खिडकी, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायत कार्यालयात बसणारे सेतू केंद्राचे ऑपरेटर. आशांकडे फक्त निरोप देण्याचे आणि चालता न येणाऱ्या वृद्धांची यादी देण्याचे काम राहिले. ऑक्टोबर २०२४ अखेरीस ७० वर्षे व त्यावरील सर्वांसाठी वय वंदना कार्ड सुरू झाले होते, त्यामुळे ती यादी उपयोगी पडली. लसीकरणाच्या दिवशी सत्राच्या ठिकाणी कार्डाचे कोणतेही काम करायचे नाही, असे पत्र निघाले. ते पत्र चार ओळींचे होते. ते जुलैत निघायला हवे होते.

निष्पत्ती

वर्षभरानंतर मांडीच्या व नडगीच्या साध्या अस्थिभंगाच्या शस्त्रक्रिया तालुक्यातच होऊ लागल्या होत्या. पुरवठादाराची बिले फिटत होती, पण वेळेवर नाही. क्लेमची रक्कम यायला कधी कधी इतका उशीर होई की थकबाकीची मर्यादा गाठली जाऊन दोन-तीन आठवडे पुन्हा रुग्ण पुढे पाठवावे लागत. लसीकरणाची सत्रे वेळेवर सुरू होऊ लागली. मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांचा पाठपुरावा पूर्ववत व्हायला त्याहून जास्त काळ लागला, कारण सुटलेला रुग्ण परत गोळ्यांवर आणणे हे नवा रुग्ण शोधण्यापेक्षा अवघड असते. तो म्हणतो, इतके महिने काही झाले नाही.

प्रोत्साहनपर रकमेचा प्रश्न सुटला नाही. क्लेममधून ठरावीक हिस्सा रुग्णालयातील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना मिळतो. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून रुग्ण योग्य वेळी पाठवला गेला, ज्या आशाने त्याला गाडीत बसवून आणले, त्यांना त्यातून काही मिळत नाही, कारण ते दुसऱ्या यंत्रणेत आहेत. बैठकीत हा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा धोरणात्मक बाब म्हणून वर पाठवला गेला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, विस्ताराची तारीख माहीत होती. शासन निर्णय जुलै २०२३ चा, अंमलबजावणी जुलै २०२४ ची. मध्ये पुरते वर्ष होते. त्या वर्षात आम्ही योजनेच्या माहितीचे फलक लावले. त्याऐवजी रुग्णालयाने मागच्या वर्षभरात पुढे पाठवलेल्या रुग्णांचे रजिस्टर उघडून कोणत्या आजारासाठी किती जण आणि का पाठवले, एवढे जरी काढले असते, तरी प्लेट, भूलतज्ज्ञ आणि शिधापत्रिका हे तिन्ही अडसर एका दुपारी समोर आले असते.

कार्डांचे काम सेविकांना देताना त्याबदली कोणते काम थांबणार आहे, हे आदेशातच लिहायला हवे होते. आम्ही “नियमित काम सांभाळून” असे लिहिले. मी स्वतः तो मसुदा टंकलिखित केला होता. या तीन शब्दांनी जबाबदारी आमच्याकडून निघून त्या सेविकेच्या अंगावर गेली, आणि तिच्याकडे दिवसाचे तास तेवढेच राहिले.

दोन्ही यंत्रणांचा आढावा एकत्र घेण्याची वेळ डिसेंबरात आली. ती पहिल्या महिन्यातच यायला हवी होती. क्लेमची संख्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या बैठकीत आणि पाठपुराव्याची संख्या जिल्हा परिषदेच्या बैठकीत, असे चालू राहिल्याने एक वाढत असताना दुसरी घसरते आहे, हे एका माणसाला एका वेळी दिसत नव्हते. आता तालुक्यात महिन्यातून एकदा रुग्णालयाची क्लेमची यादी उपकेंद्रनिहाय फोडून सेविकांना दिली जाते. मधुमेही पायाची, पक्षाघाताची किंवा डायलिसिसची नवी केस ज्या गावातली असेल, त्या गावाची वही त्या दिवशी टेबलावर उघडली जाते आणि मागच्या सहा महिन्यांचे रकाने सगळ्यांसमोर वाचले जातात.